चक्रीचे अकरा दात

एक काच. वीतभर लांब, त्याहून थोडी कमी रुंद. काळी. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेली.

हेमाताईची टाच. उजव्या पायाची. तिच्यावर भेगेची एक आडवी रेघ.

तीनशे साठला अकराने भाग जात नाही.

कल्याणहून सुटलेल्या गाडीत एक तरुण माणूस मांडीवर काकड्यांची पाटी घेऊन बसला आहे. बहिणीला माहेरी न्यायला तो ठाण्याला चालला आहे. कळव्याच्या पुढे खाडी आली तेव्हा त्याने एक काकडी मोडून खाल्ली.

विहीर भाद्रपदातही गढूळ. घागर तासभर ठेवली तर तळाला बोटभर माती बसते, पण वरचं पाणी मातकटच राहतं.

घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते आणि ती हाताला माहीत असते. डोकं कुठेही असो.

बुधवारी सकाळी फळी पडली. माजघरामागच्या कोठीत, जिथे पूर्वी भात साठवायचे आणि आता श्रीपाद फोटोच्या काचा धुवायचा, तिथली वरची फळी. तो कॅमेऱ्याची पेटी उतरवत होता. पेटी त्याच्या हातात राहिली, पण सुंभाने बांधलेली फळीची एक बाजू सुटली आणि तिच्यावरच्या दोन वस्तू घसरत खाली आल्या. एक, धोतराच्या फडक्यात बांधलेलं पितळी नळीचं भिंग. दुसरी, लाल चिंधी बांधलेली बाटली. भिंग जात्याच्या कडेवर आपटलं. बाटली जमिनीवर फुटली. दोन्ही आवाज एकदमच झाले असणार, पण श्रीपादने ऐकला तो पितळेचा. काच फुटल्याचं त्याला नंतर दिसलं. फडकं सोडून त्याने भिंग उजेडात धरलं. काचा शाबूत होत्या. त्याचा श्वास सुटला. मग त्याने बाजूची मूठ फिरवून पाहिली. ती फिरवली की नळी पुढे-मागे सरकते आणि समोरचं माणूस स्पष्ट होत जातं. मूठ गरगर फिरली. नळी जागची हलली नाही. आत काहीतरी तुटलं होतं. हे त्याला बोटांनी सांगितलं. उद्या गुरुवार. उद्या दुपारच्या गाडीने मंदाकिनी जाणार.

ती जाणार हे काही नवीन नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्यांकडेच. सातवा संपत आला होता, आठव्यात हलवत नाहीत, आणि परवा पौर्णिमा झाली की पितरांचा पंधरवडा लागणार. त्यात पोटुशी बाई घराबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणून गुरुवार. तिचं माहेर आंबिवलीच्या पलीकडे, नदीच्या काठी. कल्याणपर्यंत आगगाडी होऊन वीसेक वर्षं झाली होती, तिथून पुढे बैलगाडी. सगळं सरळ होतं. तिचा भाऊ येणार, आत्याबाई तिच्या ओटीत नारळ घालणार, ती उंबऱ्याबाहेर उजवा पाय टाकणार. आणि याच जागी श्रीपादचं मन दर वेळी अडायचं. तो अकरा वर्षांचा असताना त्याची थोरली बहीण हेमा अशीच बैलगाडीतून आली होती, या घरी, बाळंतपणाला. उतरताना तिने दांडीवर ठेवलेला पाय त्याने पाहिला होता. तिसऱ्या आठवड्यात ती गेली, आणि मूलही. त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की तिचा चेहरा त्याला आठवत नाही. आत्याबाई म्हणायच्या, तुझंच नाक होतं रे तिला. वडील म्हणायचे, छे, ती आईवर गेलेली. दोघांनी दोन हेमा सांगितल्या आणि त्याच्याजवळ एक टाच उरली. विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्याने हा कॅमेरा घेतला तेव्हा कचेरीतले सगळे हसले होते. नकाशे उतरवून डोळे गेले नाहीत वाटतं अजून, असं म्हणाले होते. त्याने कोणाला टाचेचं सांगितलं नव्हतं.

जमिनीवर पांढरे खडे पसरले होते. ते त्याने आता पाहिले. फोटोची काच औषधाने उमटली की ती या खड्यांच्या पाण्यातून काढावी लागते, तरच चित्र उजेडात टिकतं. मुंबईच्या दुकानदाराने बाटली देताना ती दोन बोटांत धरून सांगितलं होतं की हे सायनाइड आहे, यातला वाटाण्याएवढा खडा घोड्याला पुरतो, घरात बायकामुलं असतील तर कुलपात ठेवा. त्याने कुलपात ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं होतं, आणि घरात सांगितलं होतं की हे काचा धुण्याचं औषध आहे. विष म्हटलं असतं तर आत्याबाईंनी कोठीला हात लावू दिला नसता, मंदाकिनीला या दिवसांत तर नाहीच. सांगायचं ते तो पुढे ढकलत गेला. आता त्याने घाई केली, पण निष्काळजीपणा नाही. खड्यांना हात लावला नाही. पुठ्ठ्याने गोळा केले. ठेवायला काहीतरी कोरडं, झाकणाचं हवं होतं. कोठीच्या दाराशी, मोरीच्या कठड्यावर, एक लाकडी डबी धुऊन पालथी घातली होती. त्याने खडे तीत भरले, झाकण लावलं. फळी तर पडलेली. मग त्याचा हात वर गेला आणि डबी मोरीवरच्या कोनाड्यात बसली, बरोबर बसली, जिथे ती नेहमी असते. नंतर त्याने बाटलीचे तुकडे वेचले, जमीन दोनदा सारवली, राखेने तीनदा हात धुतले. सगळं नीट केलं. भिंग घेऊन तो परसदारी उजेडात जाऊन बसला, आणि त्याच्या मनातून कोठी पुसली गेली.

नळीच्या पोटाशी चार बारीक मळसूत्रं होती. त्याने ती एकेक काढून ताटलीत ठेवली. पट्टी निघाली. पट्टीला दात होते, करवतीसारखे, आणि त्यांत अडकणारी एक चक्री, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिचे तीन दात गेले होते आणि चौथा वाकला होता. किती साधं, त्याला वाटलं. सगळा फोटो एवढ्यावर. त्याने दात मोजले, गेलेले धरून. अकरा. पुन्हा मोजले. विलायतेतल्या कोणा माणसाने अकराच का करावेत? दहा असते, बारा असते तर कंपासने झालं असतं. मुंबईला पाठवायला वेळ नव्हता. त्याने वडिलांच्या जुन्या पेटीच्या बिजागरीतली पितळी कांडी ठोकून काढली, आणि तांबटआळीतल्या पोपटकडून सर्वांत बारीक कानस मागून आणली. पोपट म्हणाला, दादा, लेखणी मोडली की कलम करता तसं हे नव्हे, बोट जाईल. मग हसत हसत त्यानेच कांडीचं टोक भट्टीत तापवून मऊ करून दिलं आणि काही घेतलं नाही. घरी येऊन श्रीपादने कागदाची एक पट्टी कांडीभोवती एकदा गुंडाळली, जिथे टोक टोकाला मिळालं तिथे कापली, ती सोडवून सपाट केली, नकाशांच्या कामातल्या तिरप्या रेषांच्या युक्तीने तिचे अकरा सारखे भाग केले, आणि पुन्हा कांडीला चिकटवली. आता कांडीवर अकरा रेघा होत्या. भाग जात नव्हता तरी गेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आपल्या हाताने आपल्याला हवं तसं वळवलं, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि ते वाटताच भीती वाटली.

दिवसभर तो घासत बसला. कचेरीत त्याने अंग गरम असल्याची चिठ्ठी पाठवली होती, आणि संध्याकाळपर्यंत ते खरंही वाटायला लागलं. कानशीचा आवाज बारीक, एकसारखा, दातांतून जाणारा. पितळेची पूड धोतरावर सोनेरी सांडत होती. मंदाकिनी मधूनमधून येऊन उभी राहायची, एक हात कमरेला. लग्नात तिचं लक्ष्मी हे नाव बदलून त्याने तांदळात मंदाकिनी लिहिलं होतं. ताटातले तांदूळ सरकले होते आणि शेवटचं अक्षर पुसट झालं होतं. ते त्याला आता का आठवावं? तिने एकदा विचारलं की फोटो आत्ताच कशाला, परत आल्यावर दोघांचा काढा, बाळाचा आणि माझा. त्याने कानस थांबवली नाही. आत्याबाई ओटीवर वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, तिचा नको, माझाच काढ, ही बोडकी यमाच्या वहीत चिकटवायला होईल, ओळख पटायला नको का त्याला. मंदाकिनी हसली, पण त्याच्याकडे बघत राहिली. मग आत्याबाई सोवळ्यातलं आपलं पाणी आणायला मागे गेल्या. आत्याबाई विहिरीवरून स्वतःच आणायच्या, स्वतःच्याच कळशीत ठेवायच्या आणि घरातल्या घागरीला शिवायच्याही नाहीत. मंदाकिनी खाली बसली. हळू, पोट सांभाळत.

"मी काशीला निघालेले नाही," ती म्हणाली. "आंबिवलीपलीकडे निघाले आहे."

तो घासत राहिला.

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. मी परत येणार आहे."

हे तिने असं सांगितलं की जणू परवाच्या भाजीचं सांगते आहे. सातवा दात चालू होता. त्याच्या मनात आलं की फोटो काढला तर ती परत येणार नाही हे आपण मानलं असं होईल, आणि नाही काढला तर पुन्हा एक टाच उरेल. या दोन्हींच्या मधली जागा त्याला सापडेना. ती उठताना सहज म्हणाली की तुरटी संपल्याला आठवडा होत आला, सोमवारी सांगितलेलं, तेवढं पाहिलंत का. तो हं म्हणाला. हा हं कुठून आला ते त्याला माहीत नव्हतं. दाताचा उतार डावीकडे जास्त होत होता.

दिवेलागणीच्या आधी चक्री बसली. त्याने मूठ फिरवली, आणि नळी लोण्यातून सरकावी तशी पुढे गेली. मागे आली. कुठे अडली नाही, कुठे सैल पडली नाही. साहेबाची जुनी चक्रीसुद्धा इतकी नितळ नव्हती. तो एकटाच परसात उभा राहून मूठ फिरवत राहिला, पुढे, मागे, आणि समोरच्या पांगाऱ्याचं झाड कॅमेऱ्याच्या पाठच्या दुधी काचेवर उलटं होऊन विरघळत होतं, जमत होतं, विरघळत होतं. कोणीतरी पाहतं आहे असं वाटून त्याने मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. कोठीचं दार अर्धवट उघडं होतं.

गुरुवारी ऊन पडलं. धुतल्यासारखं, भाद्रपदात मधूनच पडतं तसं. त्याने परसातल्या भिंतीवर पांढरी चादर लावली, कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. पाणी भरणाऱ्या शेवंतीने पहाटेच घागर आणून ठेवली होती. स्वयंपाकघरातून मंदाकिनीचा आवाज आला. ती तिथूनच त्याच्याशी बोलत होती, डबी भरून ठेवलीत ते बरं झालं, म्हणाली, पण तुरटी कसली मेली ही, पाण्यात धरून फिरवायला गेले तर मिठासारखी विरघळली, आणि पाणी काही निवळलं नाही. श्रीपाद त्या वेळी भिंगाची टोपी काढून आतल्या काचेवर बसलेला पितळेचा एक कण रुमालाच्या टोकाने उचलत होता. तो कण काचेला ओरखडा पाडेल म्हणून त्याने श्वास धरला होता. बाजारात हल्ली सगळी भेसळच, असं काहीतरी तो म्हणाला. कण निघाला. त्याने श्वास सोडला.

ती हिरवं लुगडं नेसून आली. केसांत केवड्याचं पान. खुर्चीवर बसायला तिने नकार दिला. आत्याबाई पाहतायत, आणि खुर्चीवर काय, मी काय मामलेदार. मग पाट मांडला. तो काळ्या कापडाखाली शिरला. आत गरम होतं, स्वतःच्याच श्वासाचा वास होता. काचेवर ती उलटी होती, पाट वर, डोकं खाली, केवडा जमिनीकडे टोकदार. त्याने मूठ फिरवली. अकरा दात एकामागून एक पट्टीत उतरले आणि धुक्यातून तिचा चेहरा वर आला. नथीतला मोती. वरच्या ओठावरचा तीळ. तीळ त्याला इतक्या दिवसांत माहीत नव्हता. हे आता माझं, त्याला वाटलं. हे कोणी नेऊ शकत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तीळ पुसट झाला, तेव्हा त्याने चुकून मूठ फिरवली आणि पुन्हा परत आणली.

कोठीत जाऊन त्याने काचेवर चिकट औषध ओतलं, ती चांदीच्या पाण्यात बुडवली, उजेड न शिरणाऱ्या लाकडी खापात बंद करून धावत आला. काच ओली आहे तोवरच सगळं करायचं असतं. म्हणून घाई, नेहमीच. ती म्हणाली, अहो, घसा कोरडा पडलाय, सकाळपासून कामात एक घोट घेतला नाही. तो म्हणाला, आधी हे होऊ दे, एवढं झालं की पी. आता अजिबात हलू नकोस. पापणीसुद्धा.

त्याने टोपी काढली. एक. दोन. हेमाताईला तहान लागायची शेवटी, ओली फडकी ओठांवर ठेवायचे. तीन. चार. आत्याबाईंची कळशी वेगळी असते. हे का आलं? पाच. ओटीवर आत्याबाई वाती वळायच्या थांबल्या होत्या. सहा. सात. सातव्या दाताचा उतार. आठ. काहीतरी आपण कुठेतरी ठेवलं आहे. नऊ. ते काय ते सापडेना. ती बघत होती, सरळ भिंगात, म्हणजे सरळ त्याच्यात. दहा. इतकं स्थिर कोणी बसत नाही. अकरा. त्याने टोपी लावली. "झालं," तो म्हणाला, आणि तिने श्वास सोडला आणि हसली, आणि ते हसू काचेवर येणार नाही याचं त्याला क्षणभर वाईट वाटलं. तो खाप छातीशी धरून आत पळाला.

कोठीचं दार लावून त्याने कडी घातली. पिवळ्या कापडाआडच्या दिव्याचा उजेड भिंतींवर तेलकट पसरला होता. त्याने काचेवर औषध ओतलं, ती हातावर हलवली, इकडे, तिकडे, आणि ती येऊ लागली. फोटोच्या काचेवर सगळं उलट येतं. चेहरा काळा, केस पांढरे. म्हातारी मंदाकिनी, त्याला वाटलं. पंचाहत्तर वर्षांची. ती वाचली तर अशी दिसेल. कपाळावर कुंकवाच्या जागी एक स्वच्छ, पारदर्शक ठिपका आला होता, भोक पडल्यासारखा, त्यातून दिवा दिसत होता. मोती आला. तीळ आला. इतकी रेखीव काच त्याच्या हातून कधी निघाली नव्हती. चक्री बरोबर बसली होती. आता पाण्याने धुवायची, मग खड्यांच्या पाण्यात, मग ती कायमची. खड्यांचं पाणी त्याने करून ठेवलं नव्हतं. कालचा सगळा दिवस भिंगात गेला, ते राहूनच गेलं. एका हातावर काच सांभाळत त्याने दुसरा हात वर नेला, फळीकडे. फळी नव्हती. फळी पडली होती. बाटली फुटली होती. खडे त्याने भरले होते, पुठ्ठ्याने, हात न लावता, एका डबीत. डबी. डबी त्याने ठेवली.

डबी भरून ठेवलीत ते बरं झालं.

हा आवाज त्याने सकाळी ऐकला होता. पण तो आत्ता ऐकू आला, पहिल्यांदा, आणि त्याच्या मागे दुसरं वाक्य, आणि तिसरं, जसे दात एकामागून एक उतरतात तसे. मिठासारखी विरघळली. भिंतीपलीकडे घागरीवरचं झाकण सरकल्याचा आवाज झाला. पितळेचा. मग ओगराळं. मग भांड्यात पाणी पडल्याचा, बारीक, एकसारखा. श्रीपादने हाक मारली असं त्याला वाटलं, पण कोठीत काही ऐकू आलं नाही. हातात काच होती, ओली, औषधासकट, आणि दार उघडलं की उजेड येणार. हे त्याच्या मनात आलं. एवढं, आणि एवढाच वेळ. हा वेळ किती होता, हे तो पुढे आयुष्यभर मोजणार होता. मग त्याने कडी काढली.

ऊन सरळ काचेवर पडलं. त्याने खाली पाहिलं नाही. दोन दारं ओलांडून तो स्वयंपाकघरात आला, काच हातावर तशीच, तिरपी, कोपऱ्यातून थेंब पडत होते. मंदाकिनीने रिकामं भांडं पालथं घातलं, पदराने तोंड पुसलं, आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "आलं का हो नीट?"

सोमवारी कचेरीतून येताना श्रीपाद तुरटी आणायला विसरला होता.